शेवटच्या बांधीपर्यंत

फोन आला तेव्हा मी लाखनीला कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये उभी होते. बारावीच्या मुलींचं प्रॅक्टिकल चालू होतं. फोनवर शुभांगीच्या बाबांचं नाव दिसलं आणि वाटलं, काका नागपूरहून सांगणार, ताप उतरला, डोळे उघडले, तुझी आठवण काढून राहिली... काका म्हणाले, "मंजू, शुभी गेली आपली." एवढंच. त्यांच्या मागे कुणीतरी नर्सला चादर मागत होतं, तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी "बरं काका" म्हणाले. बरं! गेल्या सात आठवड्यांत मला सगळ्यात जास्त छळलं असेल तर त्या 'बरं'नं. मग मी वळले, मुलींना म्हणाले, "आपापलं काम सेव्ह करा," आणि एकेकीच्या मागे जाऊन ते खरंच सेव्ह झालं का हे बघत राहिले. शेवटच्या मुलीजवळ पोचले तेव्हा ती उठली आणि तिनं मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

शुभांगी शहापूरची, माझं माहेर कारध्याचं. आमच्या मध्ये भंडारा शहर आणि वैनगंगा. भंडाऱ्याला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला एका वर्गात आलो, एका बाकावर बसलो, आणि पहिले सहा महिने मला ती अजिबात आवडली नाही. आठवड्यातून दोन दिवस गैरहजर, आली की माझी वही मागणार, आणि परीक्षेत माझ्याहून जास्त मार्क. डोळे कायम पिवळसर. वर्गातली पोरं मागून 'हळद, हळद' करायची. ती वळून बघायचीही नाही. एकदा थंडीत चौथ्या तासाला तिनं बाकाची कड इतकी घट्ट धरली की तिची नखं पांढरी पडली. मी विचारलं, काय होते? म्हणाली, "काही नाही. तू लिव. मले मंग वही दे." तास संपेपर्यंत तिनं तोंडातून आवाज काढला नाही. नंतर मी आणि सरांनी तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं तेव्हा मला पहिल्यांदा तो शब्द कळला... सिकलसेल.

आमच्या भागात हा शब्द नवा नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकून बसतात, आणि जिथे अडकतात तिथे हाडं आतून कुणी पिळावीत तसं दुखतं. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात त्याचा निम्मा वाटा असला तर दोघं धडधाकट राहतात, पण एखाद्या लेकराच्या वाट्याला तो पूर्ण येऊ शकतो. काका-काकूंचं असंच होतं. लग्नाच्या वेळी कुणी तपासलं नव्हतं, कुणाला माहीतही नव्हतं. शुभांगी एकुलती एक. ती चार वर्षांची असताना निदान झालं आणि त्यानंतर काकूंनी दुसरं मूल होऊ दिलं नाही.

डिप्लोमानंतर मी लग्न करून लाखनीला गेले, कॉलेजात लागले. शुभांगी नागपूरच्या एका कंपनीत गेली. ती पडदे बनवायची. म्हणजे फोनवर आपण बोट लावतो आणि समोर जे दिसतं, ती बटणं, त्या याद्या, त्या चौकटी. कामात ती इतकी तरबेज होती की कंपनीनं तिच्या सुट्ट्या चार वर्षं सोसल्या. पाचव्या वर्षी तिचं दुखणं वाढलं, तेव्हा तिनं स्वतःच सामान बांधलं आणि शहापूरला परत आली. घरून मिळेल ते काम करायची. आतल्या खोलीत खिडकीखाली टेबल, पाठीला उशी, पायांवर शाल. मी दर रविवारी जायचे. नवरा म्हणायचा, तू माहेरी चालली का शुभांगीकडे? मी म्हणायचे, एकच आहे ते.

कार्डाची गोष्ट तिच्या एका तपासणीच्या दिवशी सुरू झाली. रांगेत तिच्यापुढे एक बाई होती, कडेवर तापलेलं पोर, हातात कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, रक्तगट कोणता, मागच्या वेळी रक्त कधी चढवलं, कोणतं औषध चालत नाही. दर वेळी ती बाई खाली बसून पिशवी उपसायची. चौथ्या टेबलावर तिला तो कागद सापडेना, ती रडायला लागली. शुभांगी घरी आली आणि मला फोनवर म्हणाली, "मंजू, रविवारी लवकर येजो. आपल्याले एक काम आहे." त्या कामाला आम्ही नाव दिलं नाही. लोकांनीच दिलं. गावोगावच्या बाया त्याला 'शुभांगीचं कार्ड' म्हणायला लागल्या. फोनवर बोट लावलं की रुग्णाची सगळी माहिती डॉक्टरांसमोर, बस.

बस म्हणायला सोपं. मला तेव्हा शाळेच्या पुस्तकातलं प्रोग्रामिंग येत होतं, पडदे बनवणं येत नव्हतं. तिनं शिकवलं. पडदा म्हणजे चौकटीत चौकट. सगळ्यात बाहेर पूर्ण अ‍ॅप, त्याच्या आत कुटुंब, कुटुंबाच्या आत रुग्ण, रुग्णाच्या आत तपासण्या, तपासणीच्या आत औषधं, आणि सगळ्यात आत एक बोटभर लाल चौकट... 'हे औषध देऊ नका'. बाहेरच्या चौकटीला पॅरेंट म्हणतात, तिच्या आतलीला चाइल्ड. माहिती असते सगळ्यात बाहेरच्या चौकटीकडे आणि तिची खरी गरज असते सगळ्यात आतल्या चौकटीला. मधल्या प्रत्येकीनं ती वरून घ्यायची आणि खाली द्यायची, तेव्हा ती पोचते.

एका रविवारी काका छपरीत बसून आमच्याकडे बघत होते. म्हणाले, "तुम्ही दोघी दिवसभर त्या डब्ब्यात काय पाहून राहता, मलेही सांगा न."

शुभांगी म्हणाली, "बाबा, तलावाचं पाणी आपल्या शेवटच्या बांधीत कसं येते?"

काकांनी बोटानं जमिनीवर धानाची खाचरं आणि त्यांच्यामधले मातीचे बांध आखले. "कसं म्हणजे? वरच्या बांधीतून. तिचा धुरा फोडला का खालच्या बांधीत, तिचा फोडला का तिच्या खालच्या."

"अन मधातल्या एखाद्यानं फोडलाच नाही त?"

"मंग कायचं पाणी! वरच्याच्या बांधीत गुडघाभर राहीन अन शेवटच्या बांधीतलं धान उभ्यानं वाळून जाईन."

"तेच आहे आमचं," ती म्हणाली. "मी पहिली बांधी, मंजू मधातली."

काका खूश झाले. म्हणाले, मग तलावापासून सरळ पाइप का टाकत नाही? ती हसली. म्हणाली, टाकता येतो, पण मोठं काम आहे, सध्या चौकटींचे थर कमी आहेत, हातोहात देऊन भागेल. आणि मग बोलण्याच्या ओघात ती म्हणाली, "यात एक आहे बाबा. पॅरेंटनं जे देलं ते चाइल्डले बदलता नाही येत. फक्त घेता येते." काकू तिथंच तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला. शुभांगीच्या ध्यानात आलं, ती घाईनं म्हणाली, "आई, मी प्रोग्रामचं बोलून राहिली." काकूंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "मले समजते तू कायचं बोलून राहिली ते." मी उगाच कीबोर्ड वाजवत बसले.

कार्ड चाललं. पहिल्या वर्षात शहापूर, कारधा, लाखनीच्या आसपासच्या कितीतरी घरांत ते गेलं. आणि मग माझ्या हातून ते झालं. आजवर मी हे कुठे लिहिलेलं नाही, शुभांगीनं लिहू दिलं नसतं. तपासण्यांची चौकट मी नव्यानं लिहिली होती. वरून चार गोष्टी यायच्या... नाव, वय, रक्तगट आणि न चालणारं औषध. मी तीन पुढे दिल्या. चौथी राहिली. विसरले, दुसरं काही कारण नाही. आतल्या लाल चौकटीला काहीच मिळालं नाही, आणि काही मिळालं नाही तर तिनं काय लिहायचं, तेही मीच ठरवलेलं होतं, 'कोणतीही नोंद नाही'. कारध्याच्या रंजनाबाईंची नऊ वर्षांची स्वरा दुखण्यानं तळमळत होती. त्यांनी तिला एका डॉक्टरांकडे नेलं, घाबरून बोलता येईना म्हणून फोनच पुढे केला. डॉक्टरांनी वाचलं, 'कोणतीही नोंद नाही'. त्यांनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, आणि नेमकं तेच औषध त्या पोरीला चालत नव्हतं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. दोन दिवस दवाखान्यात राहून ती घरी आली. घरी आली... हे मी आजही स्वतःला दोनदा सांगते.

रंजनाबाईंनी शुभांगीला फोन केला तेव्हा मी शेजारीच बसले होते. त्या भांडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही त माह्याकडून लिवून घेतलं होतं ना?" शुभांगी हो म्हणाली, फोन ठेवला आणि एकेक चौकट उघडत आत गेली. दहा मिनिटंही लागली नाहीत. माझ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मंजू, इथं धुरा फोडाचा राहिला." त्याहून एक शब्द जास्त नाही.

मी रडत होते आणि ती शाल गुंडाळत होती. म्हणाली, स्कूटी काढ. तिला वाऱ्यात न्यायला काकूंचा विरोध होता, तरी तिनं ऐकलं नाही. कारध्याला रंजनाबाईंच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "चूक माही आहे. तुम्ही सांगतलं होतं, माह्या हातून पुढं गेलं नाही." मी तोंड उघडलं तर तिनं माझं मनगट दाबलं. स्वरा खाटेवर बसून बोरं खात होती. शुभांगी तिच्याजवळ बसली, तिच्या हातावरच्या पुरळाकडे बघत राहिली. परत येताना मी पुलावर गाडी थांबवली आणि विचारलं, "तू काहून आपल्या अंगावर घेतलं?" ती म्हणाली, "तुह्यं नाव घेतलं असतं त तिनं कार्ड फेकून देलं असतं. मीबी तिच्या पोरीसारखीच आहे, मले माफ करन ते. चल, वारा लागून राहिला."

दुसऱ्या दिवशी तिनं कार्ड बंद केलं. सगळ्या घरांना स्वतः फोन केले, नवं होईपर्यंत कागद जवळ ठेवा म्हणून. आणि मग बारा दिवस ती त्या टेबलाशी बसली. मधल्या चौकटींवर विसंबणंच तिनं काढून टाकलं. रुग्णाची माहिती आता बाहेर एकाच ठिकाणी ठेवलेली, आणि आतली कोणतीही चौकट, कितीही खोल असो, थेट तिथून ती घेणार. मधल्यांना काही ठाऊक असायची गरज नाही. मी म्हणाले, काकांचा पाइप टाकला तू. ती म्हणाली, पाइपसुद्धा फुटतो, त्याचंही बघायला पाहिजे. मग तिनं माझी ती 'कोणतीही नोंद नाही' ही ओळ शोधून काढली आणि पहिल्यांदा जरा चिडून बोलली. "हे काहून लिवलं तू? नोंद नाही म्हणजे आपण डॉक्टरले सांगून राहिलो का आम्ही पाहिलं, काही नाही. आपण त पाहिलंच नाही न! नसणं येगळं, न पोचणं येगळं." तेव्हापासून माहिती मिळाली नाही तर ती चौकट पिवळी व्हायची आणि तिच्यात यायचं, 'माहिती पोचलेली नाही. घरच्यांना विचारा.' हे वाक्य तिनं स्वतः तीन वेळा बदलून लिहिलं. शिकलेल्या माणसासारखं नको, म्हणाली, घाबरलेल्या माणसाला वाचता आलं पाहिजे.

त्यानंतर दोन वर्षं एकही घर चुकलं नाही. रंजनाबाई पुन्हा कार्ड वापरायला लागल्या. शुभांगीचं दुखणं मात्र तिच्या हिशेबानं चालत नव्हतं. कधी महिनाभर ठीक, कधी आठवड्यात दोनदा खाटेवर. एकदा म्हणाली, "मंजू, कोडमधली चूक सापडली का मले किती बरं वाटते तुले माहीत नाही. सापडते त." मी विषय बदलला. आता वाटतं, बदलायला नको होता... बसून ऐकायला पाहिजे होतं.

या थंडीत तिला आधी खोकला झाला. मंगळवारी दुपारी काकूंचा फोन आला, "छातीत दुखते म्हणते, दम लागून राहिला, आम्ही भंडाऱ्याले नेऊन राहिलो." मी पोचले तेव्हा ती ऑक्सिजनच्या मास्कखाली होती. उशाशी काका तिचा फोन दोन्ही हातांनी धरून उभे होते, ताट धरावं तसा. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं कार्ड उघडलं, वाचत वाचत आत गेली, लाल चौकटीशी थांबली, नर्सला दोन औषधांची नावं सांगून म्हणाली, ही द्यायची नाहीत. मग आम्हाला म्हणाली, "इतकी नीट माहिती मला कुणाचीच मिळत नाही हो. कुणी केलंय हे?" शुभांगीनं डोळे उघडले आणि सलाइन लावलेल्या हाताचं एक बोट उचलून माझ्याकडे दाखवलं. माझ्याकडे! मी नाही नाही म्हणत राहिले. ती डॉक्टर तोवर पुढच्या खाटेकडे गेली होती.

रक्त चढवलं. औषधं वेळेवर दिली. तरी श्वास उतरत गेला, आणि नागपूरला न्यायचं ठरलं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये दोघांनाच जागा होती. मी दाराशी वाकले तेव्हा तिनं मास्क थोडा सरकवला. "लाल चौकट दिसली न बराबर?" मी म्हणाले, दिसली. "पिवळी नाही न?" नाही, म्हणाले मी, लालच. तिनं मान हलवली आणि दार बंद झालं. हे आमचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये तो फोन आला.

मी पुन्हा पुन्हा त्या दिवसाशी जाऊन बसते आणि शोधते, काय राहिलं. सवयच लागली आहे तशी, तिनंच लावलेली. रक्तगट बरोबर होता. औषधं बरोबर होती. भंडाऱ्यातून नागपूरला ती पोचायच्या आधी तिची माहिती पोचली होती, तिथल्या डॉक्टरांना काकांकडे काही विचारावंही लागलं नाही. कुणी उशीर केला नाही, कुणी हयगय केली नाही. एखादी चूक सापडली असती तर तिच्यावर रागावता आलं असतं, माझी असती तरी चाललं असतं. सगळं शेवटपर्यंत पोचलं होतं, आणि तरी ती गेली. याचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी गावोगावच्या बायांचे फोन सुरू झाले. आधी रडायच्या, मग जरा थांबून विचारायच्या, "ताई, कार्ड चालू राहीन ना?" मी राहील म्हणते. तिनं लिहिलेल्यातलं निम्मं मला समजतं, निम्म्याला हात लावायला भीती वाटते. रविवारी शहापूरला जाते, तिच्या टेबलाशी बसते. कार्डात तिनं सगळ्या सोयी केल्या होत्या. रुग्ण गाव बदलून गेला, लग्न होऊन गेली, दुसऱ्या दवाखान्यात जायला लागला, प्रत्येकासाठी एक बटण. रुग्ण वारला, तर काय? ते कुठेच नाही. मी सगळ्या फाइली पाहिल्या. विसरली असेल असं मला वाटत नाही.

त्यामुळे कार्डाच्या हिशेबी ती अजून आहे, आणि रोज सकाळी नऊ वाजता काकूंच्या फोनवर तिच्या नावानं आठवण यायची, शुभांगीची गोळी. घरच्या मोठ्या माणसाला ही आठवण जावी, ही सोय तिनंच केलेली. तेराव्यानंतरच्या रविवारी मी ती बंद करायला बसले होते. नऊ वाजले, स्वयंपाकघरात फोन वाजला, आणि काकूंनी तिथूनच हाक दिली, "शुभे, गोळी घेतली का वं?" खुर्चीत मी होते. काकू हात पुसत दाराशी आल्या, माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी म्हणाले, "काकू, बंद करते मी ते आज."

"कर बाई," त्या म्हणाल्या. "फोन त तू बंद करशीन. माह्या तोंडाले कोण बंद करन?"

मी बंद केलं. परवाच्या रविवारी पुन्हा गेले होते. काका छपरीत पेपर उलगडून बसले होते, वाचत नव्हते. काकू वांगी चिरत होत्या. फोन वाजला नाही. नऊ वाजून दोन-तीन मिनिटं झाली असतील. काकूंनी विळी बाजूला सारली, आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि हाक मारली. काकांनी पेपर खाली केला नाही, मीही मान वळवली नाही. थोड्या वेळानं काकूंनी पुढचं वांगं हातात घेतलं.